मराठी बोलींच्या ध्वनिसंग्रहासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या गणित-विज्ञान अभ्यासमंडळाने मराठीच्या निरनिराळ्या बोलींचा ध्वनिसंग्रह उभा करण्याचे काम हाती घेतले आहे. संख्याशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला तो संशोधनासाठी विनामूल्य मिळेल. त्यासाठी आम्हाला तुमचा आवाज, तुमचा वेळ आणि तुमची आर्थिक मदत हवी आहे.

संगणकाला आता मराठी कळू लागली आहे, पण ती बरीचशी छापील मराठी आहे. बातम्या, परिपत्रके, पुस्तके यांतून तो शिकला. शहाद्याच्या आजी अहिराणी वळणाने बोलू लागल्या, किंवा गोंदियाचा मुलगा झाडीबोलीत भराभर काही सांगू लागला, की यंत्र अडखळते. पिकाचा सल्ला, दवाखान्याची वेळ, बँकेतली शिल्लक हे सारे बोलून विचारण्याची सोय हळूहळू येत आहे. तिची खरी गरज ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला आहे, आणि नेमकी त्याचीच बोली यंत्राला सर्वांत कमी कळते. आम्हाला हा उघड अन्याय वाटतो. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनीच पेढे वाटले. त्या आठ कोटींमधला प्रत्येक जण यंत्राला ऐकू यावा, एवढीच आमची इच्छा आहे.

एवढे आवाज कशाला, असे काही सभासदांनी विचारले. त्याचे उत्तर गणितात आहे. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी एकाच शब्दाची कितीतरी रूपे मराठीत सहज होतात. कितीही मजकूर गोळा केला तरी त्यातले बरेच शब्द एकदाच आलेले आढळतात, आणि एकदाच ऐकलेल्या गोष्टीवरून अंदाज बांधणे कठीण असते. भाषेकडे असे मोजमापाने पाहण्याची वाट जुनी आहे. आंद्रेई मार्कोव्ह या गणितज्ञाने १९१३ साली एका रशियन काव्यातली २०,००० अक्षरे हाताने मोजली आणि स्वरापाठोपाठ व्यंजन येण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडला. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये त्याच वाटेने माहितीचे गणित उभे केले आणि तिच्या मापासाठी ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द उष्णतेच्या शास्त्रातून उचलला. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळाले, तेही यंत्राला शिकवण्याच्या पद्धतींचा पाया घातल्याबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना हे धागे जोडलेले दिसतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

आवाजाचे भौतिकशास्त्र तर आमच्या कामाच्या मुळाशीच आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहा. लिहिताना ‘च’ एकच, पण चाऱ्यातला ‘च’ दातांपाशी उमटतो आणि त्याच्या घर्षणाची ऊर्जा अधिक वरच्या कंप्रतेकडे, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या अधिक कंपनांकडे, जाते. साधा टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो, त्यामुळे असे बारकावे तिथे बरेचसे पुसले जातात. म्हणून फोनवर ऐकवलेला आवाज आम्हाला चालत नाही. ध्वनिमुद्रण समोरासमोर, बऱ्या मायक्रोफोनवर, ध्वनिलहर सेकंदाला किमान १६,००० वेळा मोजून करावे लागते. मग त्या आवाजाचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रता किती आहेत ते काढतात. हे गणित फ्रेंच गणितज्ञ फूरियर यांनी उष्णता कशी वाहते हे समजून घेताना मांडले. नारायणगावाजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांवर येणारे आकाशातले रेडिओ संकेतही त्याच गणिताने उलगडतात. दीर्घिका आणि आजींचा ‘च’ या दोन्हींना एकच पद्धत लागू पडते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष करून दाखवता आले पाहिजे.

पुण्याला अशा चिकाटीच्या कामाची सवय आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालू आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढ्या काळात पुरी केली. आमचे काम त्यापुढे फारच लहान, पण ते करायला पुण्यासारखी जागा दुसरी नाही. स्पर्धा परीक्षांसाठी आलेली लातूर, नांदेड, बुलढाणा, सिंधुदुर्गची मुले आपल्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेली असतात. मार्केट यार्डात, बांधकामांवर, रिक्षाथांब्यांवर सारा महाराष्ट्र बोलत असतो.

तेव्हा पहिली विनंती आवाजाची. अर्धा तास द्या. आम्ही वाचायला काही देणार नाही. गावची जत्रा, पेरणी, लहानपणीचे खेळ, एखादा पदार्थ कसा करतात, हे आपल्या बोलीत मोकळेपणी सांगायचे. शुद्ध बोलण्याचा प्रयत्न कृपया करू नका. नाव-पत्ता नोंदला जाणार नाही. फक्त तालुका, वयोगट आणि घरची बोली. लेखी संमतीशिवाय काहीही ठेवणार नाही, आणि पुढे कधी नको वाटले तर सांगा, काढून टाकू.

दुसरी विनंती निवृत्त शिक्षकांना आणि घरी वेळ असणाऱ्या सर्वांना. ध्वनिमुद्रण ऐकून, जसे बोलले तसेच देवनागरीत उतरवायचे आहे. हे सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाचे काम आहे. तुम्ही कोणत्या भागातले हे विचारूनच काम देऊ, कारण मालवणी उतरवायला मालवणी कानच लागतात.

तिसरी विनंती पैशाची. दोन चांगले मायक्रोफोन, एक संगणक आणि खोलीतला घुमारा कमी करण्यासाठी जाड पडदे घ्यायचे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा संग्रह लावणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना वर्षभर दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन द्यायचे आहे. बाहेरगावच्या मुलाला खाणावळ आणि खोलीभाडे सांभाळून फुकट काम करायला सांगणे योग्य नाही, असे मंडळाचे ठाम मत आहे. देणगी शंभर रुपयांची असली तरी पावती मिळेल. खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लागेल.

नावनोंदणी आणि देणगीसाठी वाचनालयाच्या वेळेत कचेरीत यावे. धनादेश वाचनालयाच्या नावे काढून मागे ‘ध्वनिसंग्रह’ असे लिहावे. ध्वनिमुद्रण दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर होते. घरातल्या वयस्कर मंडळींना जिना चढवत नसेल तर तसे कळवा, आम्ही यंत्र घेऊन घरी येऊ.

आपले,
गणित-विज्ञान अभ्यासमंडळ, पुणे