वाडा उतरवण्याआधी

कोल्हापूर

प्रिय अनंता,

शुक्रवार पेठेतल्या वाड्याचे फोटो बघितले. उतरवायची घाई करू नकोस गड्या. जुनं सागवान वयानं मरत नाही, कोंडलेल्या ओलीनं मरतं. तुझ्या सोप्यातल्या खांबांचे दगडी तळखडे फोटोत दिसतच नाहीत, त्यांच्यावर सिमेंट नि फरशी चढलीय. लाकूड जमिनीपासून वर राहावं म्हणून तर तो दगड! तो गाडला की खांब बुडातून पाणी ओढतो, आणि वरून ऑइलपेंट असल्यावर ते बाहेर पडायला वाट उरत नाही.

आधी बुडापासून दोन हातांपर्यंत खांब ठोकून बघ. बद्द आवाज आला तिथं टोच्या खुपस. ओल मोजायचं मीटर २० टक्क्यांच्या वर गेलं, तर कूज चालू आहे असंच धर. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं मात्र अजिबात सोडू नकोस. फुटक्या कौलाचं पाणी भिंतीतून नेमकं तिथं उतरतं. बाहेरून रंग झकास, आत भुगा.

खांबाला पूर्ण बदलायची गरज क्वचितच पडते. तुळईखाली जॅक लाव, पण भार पेलण्यापुरताच. बसलेला वाडा सरळ करायला गेलास तर वरचे सांधे उघडतील. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत काप आणि तिथं तिरका सांधा घे, लांबी जाडीच्या तिप्पट. आठ इंची खांबाला दोन फूट. खुंट्या लाकडी. जोडाचं सागवान जुन्या वाड्यातलं, वाळलेलं मिळालं तर उत्तम, ओलं आकसून सांधा सैल करतं. भुसा-डिंकाचा भरणा करून रंग फासणारे सुतार भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठव.

भिंतीवरचं सिमेंट काढून चुना १, वाळू ३ असा गिलावा कर, पावसाळा संपल्यावर. तो आठवडाभर तरी ओला ठेवायचा.

वाळवीसाठी रंग खरवडून उघड्या लाकडावर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण दोनदा मार. पावसात भिजणाऱ्या लाकडावर ते टिकत नाही, धुऊन जातं.

२०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी आत आलं असेल, तर सांध्यांतला आणि लाकडी फळ्यांखालचा गाळ अजून असेल, तो आधी काढ. पुन्हा कधी पाणी आलंच तर लाकूड दारं-खिडक्या उघडी ठेवून सावकाश वाळव. हीटर लावलास की चिरा पडतात.

तळखड्यांभोवतीची फरशी उकरून फोटो पाठव. तोवर कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझा,
विजय