टाकून दिलेला द्रव आणि विकलेली सलाईन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील टेस्ट ट्यूब बेबीवरचा लेख वाचला. एग पिकअपनंतर, म्हणजे अंडाशयातला द्रव सुईने ओढून घेतल्यावर, त्यातली स्त्रीबीजे वेगळी काढली की उरलेला द्रव टाकून देतात, असे त्यात एका वाक्यात येऊन गेले. त्या वाक्यापाशी मी थांबले, कारण त्याच द्रवाच्या नावावर माझ्याकडून पैसे घेतले गेले आहेत.

माझे दोन पिकअप झाले. दुसऱ्या ट्रान्सफरनंतरही, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ गर्भाशयात सोडल्यावरही, बीटा रिपोर्ट (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्तचाचणी) निगेटिव्ह आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तुमची इम्युनिटीच गर्भ टिकू देत नाही.’ मग रक्तातील एनके (नॅचरल किलर) या रोगप्रतिकारक पेशींची तपासणी झाली आणि पाठोपाठ इन्ट्रालिपिडची, म्हणजे स्निग्ध पदार्थाची, दुधासारखी पांढरी सलाईन लागली. सलाईन चढत होती तेवढा वेळ आई उशाशी बसून जप करत होती. तेही ट्रान्सफर गेले. याला पुरावा काय, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘अंडाशयातल्या द्रवात सायटोकाइन्स सापडलेत मॅडम, जगभर संशोधन चालू आहे.’

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून मिळेल ते वाचत गेले. संशोधन चालू आहे, हे खरेच आहे. बीज अंडाशयातल्या ज्या द्रवभरल्या पिशवीत, फॉलिकलमध्ये, वाढते ते फॉलिकल पिकेपर्यंत 18-20 मिलिमीटरचे होते आणि त्यात चहाच्या चमच्याहूनही कमी द्रव असतो. तेवढ्यात आयएल-6, आयएल-8, टीएनएफ-अल्फा, जी-सीएसएफ असे कितीतरी रेणू असतात; हेच ते सायटोकाइन्स. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते यांच्यामार्फत. बीज सुटण्याचा इशारा देणारे एलएच संप्रेरक वाढले की फॉलिकलभोवती या पेशी जमतात, प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारे रसायन तयार होते, जखमेभोवती यावी तशी सूज येते, भिंत पातळ होते आणि फुटते. तेव्हा कुठे बीज बाहेर पडते. नेमक्या त्या दिवसांत सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर काही जणींचे फॉलिकल फुटतच नाही, बीज आत अडकून राहते. जी प्रतिकारशक्ती माझी वैरीण म्हणून मला सांगितली गेली, तिच्यावाचून बीज सुटतच नाही! हे वाचले त्या रात्री मी रडले. दीड वर्ष मी माझ्याच शरीराला दोष देत होते.

या रेणूंवरून कोणता गर्भ रुजेल ते ओळखता येईल का, हा प्रश्न मोलाचा आहे. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या स्त्रियांच्या द्रवात आयएल-6 वाढलेले काही अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. जी-सीएसएफवरून गर्भाची निवड करता येईल, अशी आशा फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवली होती. पण पिकअपच्या वेळी द्रवात रक्त मिसळते, अनेक फॉलिकलचा द्रव एकत्र होतो, इंजेक्शनांनी वाढवलेले फॉलिकल नैसर्गिक फॉलिकलसारखे वागेलच असे नाही. त्यामुळे निष्कर्ष जुळत नाहीत. आणि द्रवातल्या आयएल-6 वरून हाताच्या शिरेत सलाईन लावण्यापर्यंत उडी कशी मारली, हे मला अजून कोणी समजावलेले नाही. एश्रे या युरोपीय प्रजननवैद्यक संस्थेने 2023 च्या शिफारशींत रक्तातील एनके पेशींची चाचणी आणि इन्ट्रालिपिड, दोन्ही नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे.

आपल्याकडे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठी 2021 चा एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायदा आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके हे सगळे जोडप्याला सांगणे क्लिनिकवर त्याने बंधनकारक केले आहे. त्यात अशा जोडउपचारांचा पुरावा मराठीत, लेखी, पैसे भरण्याआधी देण्याची सक्ती राज्याने करावी.

दुसरी मागणी त्या द्रवाची. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेतील शास्त्रज्ञ यांच्या एकत्र कामातून. सरकारी रुग्णालय आणि सरकारी प्रयोगशाळा यांची तीच जोडी आता या द्रवाच्या अभ्यासासाठी उभी राहावी. राज्यात रोज पिकअप होतात. स्त्रीची संमती घेऊन, तिचे नाव झाकून तो द्रव गोठवून ठेवता येईल.

पुढच्या महिन्यात माझा तिसरा पिकअप आहे, वेगळ्या दवाखान्यात. संमतीपत्र मी आजच लिहून ठेवले आहे. ते कोणाकडे द्यायचे, एवढे कोणीतरी सांगावे.

आपली,
एक शिक्षिका, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)