‘ओळखलंत का?’ विचारण्याआधी नाव सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी महात्मा फुले मंडईत भाजी घेत असताना पंचेचाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ समोर आले, वाकून नमस्कार केला आणि आनंदाने म्हणाले, “बाई, ओळखलंत का?” त्यांच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. ‘याच त्या आमच्या बाई’ असे त्यांनी तिला आधीच सांगितले असावे, कारण ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला ओळख पटली नाही. “चेहरा ओळखीचा वाटतोय,” असे मी म्हटले, पण ते खरे नव्हते. “आठवा बघू,” ते म्हणाले. मी दोन नावे घेऊन पाहिली. दोन्ही चुकली, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा जो उतरला तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. “असू दे बाई, खूप वर्षं झाली,” असे म्हणून नाव न सांगताच ते मुलीचा हात धरून गर्दीत निघून गेले. मेथीची जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

मी पुण्यातील एका शाळेत 31 वर्षे पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवला. एकेका तुकडीत 55 ते 60 मुले असत, त्यामुळे हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास भरेल. त्यांनी मला पाहिले तेव्हा मी चाळिशीची होते आणि आज केस पांढरे झाले असले तरी चेहऱ्याची ठेवण तीच आहे. मी मात्र त्यांना बाराव्या वर्षी पाहिलेले असते आणि समोर उभा असतो तो दाढी राखलेला, टक्कल पडू लागलेला, चष्मा लावलेला गृहस्थ. लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुलींचे तर विचारूच नये. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवडकडे राहायला गेलेले विद्यार्थीही मंडईत भेटू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे, पण ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न कानी पडला की छातीत धस्स होते.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, हे मी जाणते. मात्र उत्तर देणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: खोटे बोलायचे, नाहीतर समोरच्याला दुखवायचे. चेहरा ओळखीचा वाटणे आणि नाव आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, आणि वय वाढते तसे नाव आठवणे अधिक जड जाते. मोतीबिंदू झालेल्यांना चार पावलांवरचा चेहराही धूसर दिसतो. काहींना तर जन्मतःच चेहरे ओळखता येत नाहीत. ऑलिव्हर सॅक्स या जगप्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञांना स्वतःलाच ही अडचण होती आणि 2010 मध्ये त्यांनी त्याविषयी मोकळेपणाने लिहिले होते. अशा माणसांना आपण सहज ‘शिष्ट’ ठरवून मोकळे होतो.

आपल्याकडे नाव सांगून नमस्कार करण्याची रीत जुनी आहे. मुंजीत बटूला गोत्र, प्रवर आणि स्वतःचे नाव उच्चारून वडीलधाऱ्यांना अभिवादन करायला शिकवतात. घरोघरी काळे फोन होते तेव्हा पलीकडून “मी अमुक बोलतोय” असे आधी ऐकू येई, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. दरवर्षी पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा मी दर्शनाला निवडुंग्या विठोबाला आणि पालखी विठोबाला जाते. तिथे वारकरी अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणून पाया पडतात, नाव आठवायचा प्रश्नच येत नाही. रस्त्यावरच्या रोजच्या भेटीत तेवढी मोकळीक नसते, म्हणून “नमस्कार बाई, मी अमुक, अमक्या साली सातवीत होतो,” एवढे एक वाक्य विद्यार्थ्याने आधी म्हणावे. नाव कानी पडताच बाक आठवतो, अक्षर आठवते, कधी निबंधाची वहीसुद्धा डोळ्यांपुढे येते, आणि मग बोलायला विषय शोधावा लागत नाही.

हे केवळ शिक्षकांपुरते नाही. लग्नाच्या कार्यालयात ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या खुर्चीपुढे उभे राहून “सांगा पाहू मी कोण?” असे विचारणारे नातेवाईक मी प्रत्येक समारंभात पाहते. आजोबा कसनुसे हसतात आणि आधारासाठी सुनेकडे पाहतात. त्यांची अशी परीक्षा घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मंडईत भेटलेल्या त्या गृहस्थांच्या वाचनात हे पत्र आले, तर त्यांनी कृपया पुन्हा भेटावे. दर शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मी मंडईत पालेभाज्यांच्या गाळ्यांपाशी असते. मुलीलाही बरोबर आणावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे