गल्लीत गेइशा शोधण्यापेक्षा तिकीट काढून त्यांचा नाच बघा

संपादक महोदय,

चेरी ब्लॉसमचा सीझन आला की आपल्या पुरवणीत जपानमधल्या क्योतोवर लेख येतो आणि त्यात "संध्याकाळी गिओनच्या गल्लीत थांबा, गेइशा दिसेल" हे ठरलेलंच असतं. गेइशा म्हणजे नाच-गाणं रीतसर शिकलेल्या कलावंत बायका, आणि गिओन ही क्योतोतली त्यांची वस्ती. कृपया हे छापणं बंद करा. तिथे मी स्वतः बघितलंय, कामावर निघालेली कोवळी माइको, म्हणजे शिकाऊ मुलगी, खाली मान घालून भराभर चालतेय आणि लोक मोबाईल घेऊन तिची वाट अडवतायत. आपलेही लोक होते त्यात. रहिवासी इतके वैतागले की २०१९ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्यांत फोटोबंदी झाली आणि २०२४ मध्ये तर पर्यटकांना काही गल्ल्यांत शिरायलाच मनाई केली.

खरंच बघायचं असेल तर एप्रिलमध्ये गिओन कोबू काबुरेंजो थिएटरात मियाको ओदोरी हा गेइशांच्या नाचाचा कार्यक्रम असतो, तिकीट काढलं की कोणीही जाऊ शकतं, एरवी त्या जिथे पाहुण्यांसमोर कला सादर करतात त्या चहाघरात ओळखीशिवाय प्रवेश नसतो. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योतोची रया गेली होती, शहर सावरायला प्रदर्शन भरवलं, त्यातून १८७२ साली हा सुरू झाला.

पडद्यामागून लांब हेल काढून "मियाको ओदोरी वाऽऽ" अशी हाक येते, सगळ्याजणी "योऽइ यासाऽ" म्हणतात आणि निळ्या किमोनोतल्या नर्तकींच्या दोन रांगा प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंनी चालत येतात, अंगावर काटाच येतो! मग तासभर पडदा पडत नाही, एकेक ऋतू समोरच बदलत जातो आणि शेवटी चेरीचा बहर. माझं लक्ष मात्र कडेला बसलेल्या वयस्कर बायकांकडे होतं, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवत गाणाऱ्या त्याही गेइशाच, आयुष्यभर तेच केलेलं, आणि सूर काय पक्का!

गेइशा म्हटलं की आपल्याकडे लोक डोळे मिचकावतात, संगीतबारीतल्या बायकांबद्दलही तेच, रियाज कोणालाच दिसत नाही, ह्याचा मला मनापासून राग येतो.

टूरवाल्यांनीही एप्रिलच्या क्योतो मुक्कामात एक दुपार ह्यासाठी ठेवावी, मे मध्ये जाणाऱ्यांसाठी क्योतोतल्याच पोंतोचो ह्या दुसऱ्या गेइशा वस्तीचा कामोगावा ओदोरी हा नाच आहे. पुढच्या लेखात गल्लीचा पत्ता देण्याऐवजी थिएटरचं नाव आणि महिना छापा ही विनंती.

– एक वाचक, ठाणे