चि. मुक्ताला, नदीकाठच्या फेरीबद्दल

कोथरूड, पुणे
२४ नोव्हेंबर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात आठ दिवस येते म्हणालीस आणि त्याच फोनवर सिंहगडही ठरवून टाकलास. या वेळी सिंहगड नको. आपण तिघांनी बंडगार्डनला नदीकाठी फेरी मारायची. फोनवर बोलता आलं नाही, आई शेजारीच बसली होती, म्हणून लिहितोय. हे पत्र तिला दाखवू नकोस.

तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिने होतील. डॉक्टर म्हणतात, चाला. ती चालतेही, पण घरातच. हॉलपासून ओट्यापर्यंत, रोज सकाळी वीस मिनिटं, घड्याळ बघून. मध्यंतरी एकदा बाहेर पडलो होतो, तेव्हा फुटपाथवरची एक फरशी तिच्या पायाखाली हलली. पडली नाही, पण माझा दंड असा धरला की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. तेव्हापासून रोज "उद्या जाऊ" चाललंय. तिच्यासाठी घेतलेले बूट अजून खोक्यातच आहेत.

म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटाच दोनदा जाऊन सगळं पाहून आलो.

नळस्टॉपवरून मेट्रो घ्यायची. वनाजहून रामवाडीला जाणारी गाडी सरळ जाते, मध्ये बदलावी लागत नाही. डेक्कन ते संभाजी उद्यान ती मुठेच्या पात्रावरूनच जाते. तिथे आईला पलीकडचा काठ दाखव, ओंकारेश्वर, शनिवार पेठ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. आजी तिला कडेवर घेऊन पर्वतीकडे पळाली होती. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, पण आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते. तू विचार, सांगेल.

बंडगार्डन स्टेशनला उतरून रिक्षा करायची. तेवढं अंतर तू सहज चालशील, पण तिची चाल नदीसाठी राखून ठेवायची आहे. महात्मा गांधी उद्यानाच्या फाटकाशी उतरू, बागेतून काठाकडे जाऊ आणि जुन्या पुलाच्या दिशेने चालू. हा फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा. टोकाला दगडी सिंह आहेत, लहानपणी त्यांच्याजवळून तुला हलवता हलवता आम्ही थकायचो. आता वाहनं शेजारच्या पुलावरून जातात, त्यामुळे जुन्यावर निवांत उभं राहता येतं. खालचा बंधारा जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतला. त्याच्यावरूनच बागेला बंडगार्डन नाव पडलं.

किती चालायचं हे किलोमीटरवर ठरवायचं नाही. आई घरात वीस मिनिटं चालते, म्हणजे दहा मिनिटं पुढे आणि दहा मिनिटं परत. दहाव्या मिनिटाला ती कितीही ताजीतवानी दिसली तरी वळायचं. चुका इथेच होतात. जाताना उत्साह असतो आणि परतीची वाट तेवढीच असते, हे लक्षात येईपर्यंत गुडघा भरून येतो. मी घडीचं स्टूल घेणार आहे, बाक लांब असला तर असावं. स्वच्छतागृह उघडं असतं का, हे आदल्या दिवशी पुन्हा जाऊन बघेन.

काठाला पायऱ्या आहेत. त्या टाळता येतात, पण पाणी जवळून बघायचं तिच्या मनात आलं तर नाही म्हणू नकोस. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं तेवढं पाठ कर: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. तिचा उजवा. तू तिच्या एक पायरी खाली राहा.

निघायचं आठच्या सुमाराला, आणि रविवार सोडून. पहाटेच्या थंडीत तिचा गुडघा आखडतो आणि संध्याकाळी डास फोडून काढतात. पाण्याला वास येतो, हेही सांगून ठेवतो. शहराचं सांडपाणी नदीत येतं. तुझी आजी मुठेवर धुणं घेऊन जायची, त्यामुळे मला काठावर उभं राहिलं की वाईट वाटतंच. तरी पक्षी येतात. परवा शेकाट्या पाहिल्या, लाल काटक्यांसारखे पाय उचलून उथळ पाण्यात फिरत होत्या, आणि एक खंड्या तारेवर. थंडीत खाली कल्याणीनगरच्या बाजूला, सालिम अली अभयारण्याजवळ चक्रवाकही उतरतात. आईला दुर्बीण दिली की ती थांबते, आणि थांबण्यासाठी तिला दमल्याचं कबूल करावं लागत नाही. तुझी दुर्बीण आण.

आता तुझ्यासाठी. तू भरभर चालतेस, चार पावलं पुढे जाऊन वळून बघतेस. त्या दिवशी तसं करू नकोस. वळून बघितलं की तिला वाटतं, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत. शेजारून चाल, तिच्या डाव्या हाताला. हात तिने मागितला तरच दे. "हळू" म्हणू नकोस, "जमतंय का" तर अजिबात विचारू नकोस. मी दोन्ही विचारून पाहिलं आहे.

आणि जायचं तुझ्या मनात आहे असंच सांग. माझ्यासाठी ती उंबरा ओलांडणार नाही, तुझ्यासाठी ओलांडेल. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बुटांचं खोकं तूच खाली काढ. नाड्या मी सैल करून ठेवतो.

गाडीची वेळ कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
बाबा