‘मॅनेज्ड’ म्हणजे नेमके काय, हे आधी विचारा

संपादक महोदय,

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी आणि घरी छोटा सर्व्हर चालवणारे हौशी लोक मॅनेज्ड स्विच (केबलने अनेक उपकरणे जोडणारा आणि सेटिंग बदलता येणारा डबा) घ्यायला निघतात, तेव्हा बहुतेकांची नजर ब्रँड आणि पोर्टची संख्या यांवर असते. पैसे वाया जातात ते इथेच. कारण ‘मॅनेज्ड’ हा एकच शब्द बाजारात निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. एक, फक्त वेब पानावरून चालणारा ‘स्मार्ट’ स्विच. दुसरा, कमांड लाइन (आज्ञा टाइप करून सेटिंग करण्याची सोय) असलेला पूर्ण मॅनेज्ड स्विच. आणि तिसरा, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्के) एकमेकांशी जोडणारे राउटिंगही स्वतः करणारा लेअर-३ स्विच. यांपैकी कोणता हवा, ते काय शिकायचे आहे किंवा चालवायचे आहे त्यावर ठरते.

घरातले कॅमेरे, पाहुण्यांचे वायफाय आणि सर्व्हर एवढेच वेगळे ठेवायचे असेल, तर टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई किंवा नेटगिअरचा जीएस३०८ई यांसारखा आठ पोर्टचा, बिनपंख्याचा गिगाबिट स्विच पुरतो. मात्र तो व्हीलॅन वेगळे करतो, त्यांच्यात राउटिंग करत नाही. त्यासाठी व्हीलॅन समजणारा राउटर लागतोच. ओपनडब्ल्यूआरटी किंवा पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर चालवणारा राउटर, किंवा मायक्रोटिकचा छोटा राउटर चालेल.

या स्विचांवर नवशिका हमखास अडतो तो पीव्हीआयडीपाशी (पोर्टच्या व्हीलॅन क्रमांकापाशी). समजा राउटर पोर्ट १ ला आहे आणि कॅमेरा पोर्ट ५ ला. व्हीलॅन २० मध्ये पोर्ट १ टॅग्ड (फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, व्हीलॅन क्रमांक लिहिलेला) आणि पोर्ट ५ अनटॅग्ड (क्रमांकाविना) केला, की काम झाले असे वाटते. पण कॅमेऱ्याला आयपी मिळत नाही. अनटॅग्ड ही खूण फक्त पोर्टमधून बाहेर जाणाऱ्या फ्रेमसाठी असते. कॅमेऱ्याकडून आत येणारी फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची, हे पीव्हीआयडी ठरवतो, आणि तो मुळात १ असतो. म्हणून पोर्ट ५ चा पीव्हीआयडी २० करायचा आणि त्याला व्हीलॅन १ मधून काढायचे. हे सगळे करताना ज्या पोर्टला आपला लॅपटॉप आहे, तो शेवटपर्यंत व्हीलॅन १ मध्येच राहू द्यावा, नाहीतर काही स्विचांचे पान आपल्यालाच उघडणार नाही. टीएल-एसजी१०८ई वर शेवटी ‘सेव्ह कॉन्फिग’ दाबावे लागते. ते राहिले की वीज जाताच सगळी मेहनत पुसली जाते.

या किमतीतल्या अनेक स्विचांचे व्यवस्थापनाचे पान एकाच व्हीलॅनपुरते बांधता येत नाही, म्हणजे इतर व्हीलॅनमधूनही ते उघडू शकते, त्यामुळे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. टीएल-एसजी१०८ई वर दोन केबल जोडून लिंक रुंद करायची असेल, तर लॅग (लिंक ॲग्रिगेशन) फक्त स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवायच्या प्रकारचे मिळते. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर ८०२.३एडी (दोन्ही टोकांनी आपसात बोलून जोडणी ठरवण्याचा प्रकार) निवडले तर जोडणी नीट होत नाही, तिथे बॅलन्स-एक्सओआर निवडावे.

सिस्कोची कमांड लाइन शिकायची असेल तर जुना कॅटलिस्ट (सिस्कोची स्विचमालिका) घेण्यात अर्थ आहे, पण मॉडेल अक्षर न् अक्षर वाचून. डब्ल्यूएस-सी२९६०-२४टीटी-एल या स्विचचे २४ पोर्ट १०/१०० चे आहेत, गिगाबिट फक्त दोन अपलिंक. ‘२९६०’ एवढेच ऐकून घेणारा इथे फसतो. गिगाबिट हवे तर २९६०जी, २९६०-एस किंवा २९६०-एक्स पाहावा. सोबत कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचच्या कमांड लाइनला जोडणारी) आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो, वेग ९६०० बॉड. जुन्या मालकाचा पासवर्ड असेल तर मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, ‘स्विच:’ असा प्रॉम्प्ट आला की फ्लॅश-इनिट ही आज्ञा चालवून कॉन्फिग डॉट टेक्स्ट ही फाइल काढून टाकायची आणि बूट करायचे. व्हीलॅन डॉट डॅट ही फाइलही काढावी, नाहीतर आधीच्या कंपनीचे व्हीलॅन तसेच राहतात. जुन्या आयओएसशी (सिस्को स्विचच्या सॉफ्टवेअरशी) नव्या लॅपटॉपवरून एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) जोडताना सांकेतिक किल्ल्यांच्या देवाणघेवाणीची पद्धत जुळत नाही म्हणून नकार मिळू शकतो. तो स्विचचा बिघाड नव्हे.

जुना स्विच स्वस्त पडतो का, हे वीजबिलासकट मोजावे. ४० वॅटचा स्विच चोवीस तास चालला तर वर्षाला सुमारे ३५० युनिट होतात, ५ वॅटचा ४४. युनिटला १० रुपये धरले तर फरक वर्षाला तीन हजारांहून जास्त. शिवाय रॅक स्विचचे छोटे पंखे इतके कर्कश असतात की झोपण्याच्या खोलीत तो ठेवणे अशक्य. सराव झाला की बंद करायचा असेल तर हरकत नाही. केवळ परीक्षेपुरता सराव हवा असेल तर सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मोफत आहे, आणि स्पॅनिंग ट्रीपर्यंतचा (स्विचांमधले केबलचे फेरे टाळणारी व्यवस्था) बराच भाग त्यात होतो.

१० गिगाबिटची हौस असणाऱ्यांनी मायक्रोटिकचा सीआरएस३०५ पाहावा. चार एसएफपी+ पोर्ट (मॉड्यूल किंवा डॅक केबल खोवायचे १० गिगाबिट पोर्ट) आणि पंखा नाही. जवळच्या जोडणीला डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवलेली तयार केबल) वापरावी. साधी नेटवर्क केबल लावायचे १० गिगाबिट मॉड्यूल फार तापते.

बनावट मालाचाही धोका आहे. फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीने २०२० मध्ये २९६०-एक्सच्या बनावट प्रतींचा तपास प्रसिद्ध केला होता. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ते स्विच बंद पडले, तेव्हा प्रकार उघड झाला.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातल्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांना विनंती, की ‘सिस्को २४ पोर्ट मॅनेज्ड’ एवढेच न लिहिता पूर्ण मॉडेल क्रमांक छापावा. ग्राहकाने पैसे देण्याआधी काउंटरवरच कन्सोल जोडून ‘शो व्हर्जन’ चालवावे, त्यातला मॉडेल आणि सिरियल क्रमांक मागच्या लेबलशी ताडावा, आणि लॅपटॉप व केबल घेऊन प्रत्येक पोर्टचा दिवा लागतो का ते एकेक करून पाहावे. २४ पोर्टना पाच मिनिटे पुरतात.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे