लुनेटनच्या काकूंना जाहीर आभाराचं पत्र

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात बसून सांगता आलं असतं, आणि थोडंफार सांगितलंही आहे. तरी चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमच्यामुळे आम्हाला जे कळलं ते नेदरलँड्समध्ये घर शोधणाऱ्या कितीतरी मराठी जोडप्यांना कुणी सांगत नाही. आणि आभार मानायचे तर ते कशाचे, हे नीट सांगून मानावेत असं मला वाटतं.

गणेशोत्सवाच्या जेवणाला तुमच्या शेजारी जागा मिळाली, तेव्हा आम्ही घरं बघून बघून थकलो होतो. मागितलेल्या किमतीच्या वर बोली लावायची, तीही इतरांनी किती लावली आहे हे माहीत नसताना, हा इथला रिवाज. आम्ही चौरस मीटर, किंमत आणि स्टेशनपासूनचं अंतर असा तक्ता करून फिरत होतो. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “व्हीव्हीईचे कागद कुणी वाचतं का तुमच्यात?”

व्हीव्हीई म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटमालकांची संघटना. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत वाढलेल्या माणसाला त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं: मेंटेनन्स, राखीव निधी, वार्षिक सभा, सभेतली वादावादी. पण इथे फ्लॅट नावावर झाला की कायद्यानेच तुम्ही सभासद होता, आणि इमारतीच्या दुरुस्तीतला तुमचा वाटा त्याच क्षणी तुमच्या गळ्यात पडतो. २०१८पासून प्रत्येक व्हीव्हीईला दरवर्षी पैसे बाजूला काढावे लागतात, एकतर दुरुस्तीच्या दीर्घकालीन आराखड्याप्रमाणे, नाहीतर इमारत पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान ०.५ टक्के. कायदा आहे म्हणून सगळीकडे निधी आहे असं मात्र नाही, हे तुम्हीच दाखवून दिलंत.

त्या दिवसांत एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. ताजा रंग, मोठं स्वयंपाकघर, किंमतही आटोक्यातली. तुम्ही चष्मा लावून त्याचे कागद हातात घेतलेत. सभेचं इतिवृत्त कित्येक वर्षांपूर्वीचं, खात्यात जवळपास काही नाही, छप्पर जुनं. “छप्पर गळायला लागलं की पैसे तुम्हीच घालणार, आणि बाकीचे मालक तयार होईपर्यंत बादल्याही तुम्हीच लावणार,” एवढंच म्हणालात. आम्ही तो फ्लॅट सोडला. घराची किंमत जाहिरातीत अर्धीच छापलेली असते आणि उरलेली अर्धी या कागदांत असते, हे त्या संध्याकाळपासून आम्ही कधी विसरलो नाही.

उट्रेख्त शहरातल्या लुनेटन या तुमच्या वस्तीतला फ्लॅट तुमच्या नजरेला पडला. एक हाउसिंग कॉर्पोरेशन, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याची घरं चालवणारी संस्था, आपली जुनी घरं एकेक करून विकत होती. किंमत ठरलेली, वर बोली नाही, अट एकच की घरात स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही. इथेही तुम्ही आम्हाला थेट सही करू दिली नाहीत. इमारतीतली किती घरं अजून कॉर्पोरेशनकडे आहेत आणि सभेत तिची मतं किती, हे आधी विचारायला लावलंत. मग विभागणीचा दस्त उघडलात: खिडक्यांची काच कुणाची, चौकट कुणाची, बाल्कनीचा तळ कुणाचा. दुहेरी काचा बदलायच्या झाल्या तर खर्च आपण करायचा की सगळ्यांनी मिळून, हे त्याच दस्तावर ठरतं. तुम्ही ओळीखाली बोट ठेवून तो डच मजकूर मराठीत सांगत गेलात, मी वहीत लिहीत गेले.

पैशांच्या बाजूलाही तुमचं लक्ष होतं. आमचं कर्ज राष्ट्रीय हमी योजनेत, म्हणजे एनएचजीत बसलं, कारण २०२५मध्ये तिची मर्यादा ४,५०,००० युरो होती आणि घर त्याच्या आत होतं. कर्जाच्या ०.४ टक्के एकदाच भरायचे. त्या बदल्यात व्याजदर थोडा कमी, आणि नोकरी गेली किंवा जोडीदार गेला आणि घर तोट्यात विकावं लागलं, तर अटींत बसत असल्यास उरलेलं कर्ज माफ होऊ शकतं. परक्या देशात दोघांच्या पगारांवर उभ्या असलेल्या संसाराला ही हमी किती मोलाची आहे, हे इथे नव्याने आलेल्या माणसालाच कळेल. आणि घर नावावर होताना भरायचा तो हस्तांतर कर! पस्तिशीच्या आतल्या माणसाला स्वतः राहण्यासाठी घर घेताना तो आयुष्यात एकदा माफ आहे, २०२५मध्ये ५,२५,००० युरोंपर्यंतच्या घराला. एरवी २ टक्के. वय मोजायचं ते करारावरच्या सहीच्या दिवशी नाही, तर नोटरीकडे घर नावावर होण्याच्या दिवशी. माझ्या नवऱ्याचा पस्तिसावा वाढदिवस तोंडावर आला होता. ही गोष्ट तुमच्या ध्यानात आली, म्हणून नोटरीची तारीख वाढदिवसाच्या आधीची धरली.

पण काकू, कागद वाचायला पैसे देऊन माणूस मिळतो. वस्ती दाखवायला तुमच्यासारखं माणूस कुठून आणायचं?

तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यातल्या रविवारी कुठलीही वस्ती छान दिसते, नोव्हेंबरच्या पावसात संध्याकाळी या. आलो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात उभी राहिलेली ही वस्ती, बाजूला रेल्वे आणि दोन मोठे महामार्ग, ए१२ आणि ए२७. आतले रस्ते मुद्दाम वाकडेतिकडे, गाडीला वेग घेताच येऊ नये असे. तशा ठरवून दिलेल्या निवासी गल्ल्यांत गाडीने अगदी हळू जायचं आणि मुलांनी रस्त्यावर खेळायचं, असा १९७६पासून डच कायदाच आहे. त्या पावसातही दोन मुलं गल्लीत चेंडू खेळत होती आणि एक गाडी त्यांचा डाव सरकेपर्यंत थांबली होती. माझं मन तिथेच ठरलं.

मग तुम्ही आम्हाला जुन्या लुनेटांकडे नेलंत. १८२०च्या दशकात उट्रेख्तच्या रक्षणासाठी बांधलेले हे चार लहान किल्ले. वस्तीला नाव त्यांचंच. शत्रू आला की शेतांत पाणी सोडून त्याला अडवायचं, अशी डच जलसंरक्षण रेषा होती, आणि २०२१पासून ती युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. सह्याद्रीच्या गडांवर वाढलेल्या आम्हाला हे खंदकाकाठचे, झाडीत दडलेले बुटके किल्ले बघून फार गंमत वाटली. गडाला उंची हवी असं आम्ही धरून चाललो होतो, इथे संरक्षणाची मुख्य भिस्त पाण्यावर.

ए२७च्या पलीकडे आमेलिसवेर्टचं रान. तिथल्या बीच वृक्षांखाली तुम्ही थांबलात आणि १९८२ची हकीकत सांगितलीत. महामार्गासाठी झाडं तोडायची ठरल्यावर लोक झाडांवर चढून बसले होते. शेवटी पोलीस आले, झाडं पडली आणि रस्ता झाला. पण राहिलेलं रान लोकांनी तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून जपलं आहे. या परिसरातली हिरवाई कुणी आयती दिलेली नाही, हे तुम्ही सांगितल्यामुळे आज मी तिथून सायकलने जाते तेव्हा मलाही त्या झाडांची काळजी वाटते.

नोटरीकडे तुम्ही आमच्यासोबत आलात. दुभाषी शक्यतो अधिकृतच लागतो, म्हणून तो वेगळा होता. तुम्ही नुसत्या बाजूच्या खुर्चीत बसलात. आईवडील साताऱ्याहून येऊ शकत नव्हते. तुम्ही पेढे करून आणले होते आणि नोटरीबाईंनाही दिलेत. त्या बसण्याचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचत नाही.

आता इथली दारं आम्हाला ओळखीची झाली आहेत. भिंतीलगतच्या फरशांची एक ओळ काढून तिथे झाडं लावायला नगरपालिका परवानगी देते, म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आमच्या जिन्याजवळ हॉलिहॉकची फुलझाडं लावलीत. ते गावाला गेले की पाणी आम्ही घालतो. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी शेजारदिन झाला, तेव्हा मी साबुदाणा वडे केले आणि समोरच्या तुर्की ताईंनी बोरेक आणला. आमच्या दाराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांची आमच्याकडे. मुंबईच्या चाळीत माझ्या आजीचं असंच होतं. मला वाटायचं तसलं शेजारपण आता फक्त आठवणीत उरलं आहे. ते मला इथे मिळालं, तुमच्यामुळे.

एक बातमी राहिलीच. या वर्षीच्या सभेत हिशेब तपासणाऱ्या समितीसाठी मी माझं नाव दिलं आणि ते मंजूर झालं. छताच्या इन्सुलेशनसाठी तीन कंत्राटदारांची दरपत्रकं आली आहेत, आणि त्यातल्या एकात परांचीचा खर्च धरलेलाच नाही, असं मला दिसतंय. गुरुवारी संध्याकाळी कागद घेऊन येते. तुम्ही एकदा नजर घाला. काकांना नमस्कार.

तुमची,
मागच्या गल्लीतली सूनबाई